जमनाबाईनं उपटलेला वेल

मानोऱ्याजवळच्या तांड्यात जमनाबाईच्या वालाची थट्टा कुणी करत नसे. ती स्वतःच करायची. सासूनं घरामागं लावलेला तो वेल उन्हाळ्यात वाळून काडी व्हायचा, आखाड लागला की बुडातून पुन्हा फुटायचा आणि दिवाळीपर्यंत टिनावर चढून हिरवागार पसरायचा. शेंग मात्र एक नाही. "खाऊन-पिऊन माजलेला घरजावई," ती म्हणायची, आणि न्हाणीवर सावली पडते एवढ्यासाठी त्याला ठेवून घ्यायची.

दिवाळी झाली की ती ऊसतोडीला निघायची. सासूबरोबर गेली, नवऱ्याबरोबर गेली, मग नवीन आणि रीता या मुला-सुनेबरोबर. परत येईपर्यंत होळी उलटलेली आणि वेल वाळलेला असायचा.

यंदा गुडघ्यांनी साथ सोडली, म्हणून नात मंजूला घेऊन ती तांड्यातच राहिली. कोयता सुटला तसे आपण कुणाच्या कामाचे उरलो नाही, असं तिला वाटायला लागलं होतं. अशात शाळेच्या सतीश सरांनी परसबाग तिच्या हाती दिली. पावसाळ्यातली भेंडी, चवळी संपत आली होती. आता मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरायची होती. पोरांच्या खिचडीत आपल्या हातचा पाला पडतो, याचं तिला भारी अप्रूप. रोज पोरांच्या आधी ती शाळेत हजर.

बागेच्या कुंपणावर मंजूनं स्वतः लावलेला वाल होता. मेथीच्या वाफ्यावर सावली येते, म्हणून जमनाबाईनं तो काढायचं ठरवलं. सर घुटमळले, थोडी वाट पाहू म्हणाले. पण ते या भागात नवखे, आणि ही बाई उभी हयात मातीत काढलेली. तिनं आपल्या घरामागच्या वेलाचा दाखला दिला तसं त्यांनी मानलं. मंजू रडली. याला काही लागत नसतं, असं समजावत दादीनं वेल बुडासकट उपटला.

पौषातल्या एका सकाळी घरामागं खसफस ऐकू आली. बकरी शिरली समजून जमनाबाई काठी घेऊन वळसा घालून गेली. शेजारची रामीबाई पदर खोचून शेंगा तोडत होती. टिनाच्या त्या अंगाला, रामीबाईच्या अंगणाकडं, वेल घोसांनी लोंबत होता. पानं कमी, शेंगा जास्त. फुलं जमनाबाईनं पाहिली होती. झडतील, म्हणाली होती, आणि पुन्हा मान वर केली नव्हती.

"ह्या कुठून आल्या?"

"वेलाले आल्या. दरसाली येतात."

"दरसाली?"

"जातानी तू म्हणते ना, घर पाहजो. मले वाटलं, शेंगाही आमच्यासाठीच सोडून जाते," रामीबाई म्हणाली. "मोठ्या मनाची बाई, म्हणतो आमी तुले."

जमनाबाई न्हाणीच्या दगडावर बसली. सासू मेली तीही या वेलाला बोल लावतच.

आवाज ऐकून मंजू मागं आली. आधी वेलाकडं बघितलं, मग दादीकडं.

"मंग माह्या वेलालेही लागल्या असत्या?"

शाळेची माती वेगळी, असं काहीतरी सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"लागल्या असत्या."

"तुले माहीत नोतं?"

"हिवाळ्यात मी इथं कधी राह्यलीच नाही, माय."

मंजू या वेळी रडली नाही. टोपलं आणून शेंगा तोडायला लागली.

ते टोपलं घेऊन दोघी शाळेत गेल्या. जमनाबाईनं सगळ्या पोरांसमोर सरांना सांगितलं, वेल मी उपटला, मी चुकली. बाग आता आपल्या हातून जाते, अशी तिची खात्रीच होती. सरांनी शेंगा खिचडीवालीकडं दिल्या आणि मेथी निघाल्यावर त्या वाफ्यात काय पेरायचं, ते विचारलं.

"तेही मले माहीत नाही, सर. पाहा लागन."

ती बागेत गेली तर मंजू आधीच पाणी घालत होती. जमनाबाई शेजारच्या वाफ्यात निंदायला बसली.

"दादी," मंजू मान न वळवता म्हणाली, "मेथी तरी ओळखते ना तू?"

जमनाबाईचा तणावरचा हात थांबला. खाली वाकून तिनं पान नीट पाहून घेतलं.