कोपरा खाल्लेला टाका

मावशी माझ्या कोणी लागत नाहीत. आईचा जुना कोट माझ्या मापाचा करून घ्यायला मी त्यांच्या दुकानात गेले होते. मला पहिल्या मुलाखतीला जायचं होतं. त्यांनी कोट उलटा केला, आतून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हा दोनदा सैल केलाय. एकदा तुझ्या वेळी. दुसऱ्यांदा कोण, भाऊ?"

भाऊच. ती नोकरी मिळाली नाही. मैत्री मात्र राहिली.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक इस्त्री, कोपरा फुटलेला आरसा. तिथे बसून मावशींनी आयुष्यभर लोकांचे कपडे आल्टर केले. कंबर वाढवली, बाह्या आखूड केल्या, खांदे आत घेतले. "कोण सुटलं, कोण वाळलं, ते डॉक्टरच्या आधी मला कळतं," असं त्या म्हणायच्या.

शिवण उसवली की कापडावर भोकांची बारीक रांग राहते. चार महिन्यांची शिवण असेल, तर एका धुण्यात भोकं मिटतात. वर्षानुवर्षांची असेल, तर मिटत नाहीत. तिथला रंग गडद राहतो, बोटाला कड लागते. हे मला मावशींनी शिकवलं. साहित्याच्या पदवीच्या तीन वर्षांत एवढं पक्कं काही हाती लागलं नव्हतं.

बुधवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि त्यांची जाऊ यायची. ती साठीची झाली तरी सगळे तिला धाकटी म्हणत. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, पण हयातभर एकमेकांशी बोलले नाहीत. या दोघी मात्र दर बुधवारी एकाच गोधडीवर काम करत बसायच्या. तुकडे मावशी निवडायच्या, टाके बहुतेक त्याच घालायच्या. सुया ओवणं आणि शेवटी काठ लावणं धाकटीकडे. मावशींना काठ लावायचा मनस्वी कंटाळा.

धाकटीचा टाका बारीक आणि एकसारखा. खोड एकच. ओळ वळवताना सुई नेमकी कोपऱ्यात उतरायला हवी. तिची सुई कोपऱ्याच्या अलीकडे बुडायची आणि पलीकडे निघायची. कोपरा मोकळाच.

"धाकटे, तुझ्या टाक्याने पुन्हा कोपरा खाल्ला."

"भूक लागली असेल त्याला."

"चाळीस वर्षं झाली, पोट भरत नाही मेल्याचं."

दोघी गोधडीकामाचं एक मासिक घ्यायच्या. पुढची पानं नवशिक्यांची. त्यात नमुने, मापं, बाण. शेवटची दोन पानं 'सराईत हात' या नावाची. तिथे नमुना नसायचा. एकच गोधडी, आणि तिचा वीतभर भाग पानभर मोठा करून छापलेला. एकेक टाका आगपेटीच्या काडीएवढा दिसायचा. खाली, करणारीने नवीन काय केलं, त्याच्या चार ओळी. मावशी मासिक मागूनच उघडायच्या.

"नमुना समोर असला की कोणीही करेल," त्या म्हणायच्या. "हात बसल्यावर पुढे काय करायचं, ते कोणी सांगत नाही गं."

त्यांचं स्वतःचं पुढचं पाऊल त्यांना डोळे अधू झाल्यावर सापडलं. आता टाका दिसत नव्हता, बोटाला लागत होता. दुकानात आल्टरला टाकलेले आणि कधीच न नेलेले कपडे दोन पेट्या भरून होते. त्यांनी त्यांचेच तुकडे केले. नेहमीसारख्या सरळ ओळी भरायच्या सोडून अंगठ्याने मोडलेली शिवण शोधायची आणि तिच्यावरून नवीन टाका न्यायचा, असं सुरू केलं. ओळ कुठे फुगायची, कुठे अचानक आत वळायची, कुठे तुटायची.

"इथे बघ. हा माणूस वाळला. चार बोटं आत घेतली होती मी." अंगठा पुढे सरकायचा. "आणि हा झगा. हिने बाही खाली सोडवून घेतली, पुन्हा वर घेतली. मन ठरत नव्हतं बाईचं."

मी ऐकत बसायचे. इतक्या अनोळखी माणसांची अंगं एका गोधडीत मी कधी पाहिली नव्हती.

धाकटीने नाक मुरडलं. "ताई, हे काय, कोंबडी फिरून गेल्यासारखं?"

"कोंबडीला ठाऊक असतं ती कुठे चाललीय."

मावशींनी तिलाही सगळं समजावून सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. तिचाही अंगठा धरून एका शिवणीवरून फिरवला. ती मान हलवत होती.

गोधडी पुरी व्हायला चार महिने लागले. "ही 'सराईत हात'ला पाठवायची," मावशी म्हणाल्या. आजवर त्यांनी कधी काही पाठवलं नव्हतं. धाकटी काठ लावायला घरी घेऊन गेली. काठाला तिने एरवीपेक्षा कितीतरी जास्त दिवस लावले. पार्सलही तिनेच केलं. "तुम्ही कुठे पोस्टात रांगेत उभ्या राहता, ताई!"

अंक आणि परत आलेली गोधडी एकाच पार्सलातून आली. त्या दिवशी मी दुकानातच होते. मावशींनी दोरी सोडली, गोधडी बाजूला ठेवली आणि अंक मागून उघडला. पान उजेडाकडे धरलं. कधी नव्हे ते त्यांना टाके स्वच्छ दिसत होते.

मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. खाली छापलं होतं, 'सत्तरीतला हात, आणि एक टाका वाकडा नाही.'

पानभर सरळ ओळी होत्या. बारीक, एकसारख्या. तुकड्यातुकड्यापाशी काटकोनात वळलेल्या.

मावशींनी बोट एका कोपऱ्यावर ठेवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. तिन्ही कोपरे मोकळे होते.

अंक मिटून त्यांनी गोधडी मांडीवर घेतली आणि अंगठा फिरवायला लागल्या. त्यांच्या टाक्यांची भोकं तरी राहिली असतील, म्हणून. तेवढ्यात शेजारचा औषधवाला आत आला. त्याच्या हातातही तोच अंक, बायकोचा. "मावशी, या वयात! कमाल केलीत!" त्या हसल्या. तो जाईपर्यंत हसत राहिल्या.

बुधवारी धाकटी आली. मावशींनी गोधडी टेबलावर पसरून ठेवली होती.

"धुतलीस? एक भोक उरलं नाही."

धाकटी पिशवी हातातच धरून उभी राहिली. "मग? तशीच पाठवायची होती?"

"माझे टाके उसवलेस."

"ताई, लोकांनी बघितलं असतं ते. हसले असते. तुमचं नाव खराब झालं असतं. तुमची लाज राखली मी."

"तुला सांगितलं होतं. तुझं बोट धरून दाखवलं होतं."

धाकटी खाली बसली. तिचा आवाज खरंच मऊ झाला होता. "मला वाटलं, दिसत नाही हे लपवायला तुम्ही ते बोलता. म्हटलं, असू दे. आपण का उघडं पाडावं? गुपचूप नीट करून टाकावं."

मावशींनी टेबलावरची गोधडी आपल्याकडे ओढली.

"म्हणजे मी बोलत होते आणि तू मान हलवत होतीस."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"अजून कशाकशाला हलवलीस गं मान?"

मावशींनी गोधडीची घडी केली, तिच्या मांडीवर ठेवली. "तुझीच आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर सही केलीस."

धाकटी रडली. मला वाटलं, आता मावशी विरघळतील. त्या उठल्या आणि इस्त्री तापत ठेवली.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी उरलेल्या पेटीतून नवे तुकडे काढले. लहानशी गोधडी, उशीएवढी. पुन्हा अंगठा, पुन्हा मोडलेल्या शिवणी. पण हात आता मध्येच थांबायचा. टाका घातला की त्या तोच टाका पुन्हा चाचपून बघायच्या, जागेवर आहे ना म्हणून. संध्याकाळी ती पिशवीत घालून घरी न्यायच्या. दुकानात ठेवायच्या नाहीत.

टाके पुरे झाले, काठ उरला. आतला थर कडेने बाहेर डोकावत होता. मी म्हटलं, "मावशी, मी लावू काठ? तुम्ही शिकवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "तू साहित्यवाली. तूही ते चांगलं करायला जाशील."

अजूनही त्या वाक्याला मी उत्तर शोधते आहे.

काठ त्या स्वतःच लावतात. काम सावकाश चाललं आहे. सकाळी माझ्याकडून थोड्या सुया ओवून घेतात आणि दुकानातल्या सुयांच्या उशीला टोचून ठेवतात. बुधवारी धाकटी अजूनही येते, समोर बसते, स्वतःचं काहीतरी शिवते. दोघी हवापाण्याचं बोलतात. कोपऱ्याचा विनोद आता होत नाही.

परवा उशीतल्या सुया लवकर संपल्या. हातभर काठ राहिला होता. धाकटीने न सांगता सुई उचलली, ओवली, दोऱ्याचं टोक सारखं केलं आणि टेबलावरून पुढे धरली.

मावशींनी चष्मा काढून डबीत ठेवला. गोधडी गुंडाळून पिशवीत घातली. "शटर ओढून घे गं जाताना," त्या म्हणाल्या. धाकटीला म्हणाल्या की मला, कळलं नाही. धाकटीचा हात तसाच पुढे होता.