शोभाबाई माझ्या हातून रिटायर झाल्या

आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल! एका चांगल्याभल्या बाईला मी बसल्या जागी रिटायर केलं, त्याची गोष्ट आहे ही.

भंडाऱ्यात एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी सिस्टिम ॲडमिन. कोणाचं खातं उघडायचं, कोणाचं बंद करायचं, कोणाला कोणत्या ग्रुपमध्ये टाकायचं, सगळं माझ्या हाती. ग्रंथालयातले शंकरराव मेश्राम निवृत्त झाले, पण त्यांचं खातं 'सेवानिवृत्त' ग्रुपमध्ये टाकायचं राहिलं होतं. 'एस. मेश्राम' दिसलं, दिलं टाकून! ते निघालं आवक-जावकच्या शोभाबाई मेश्रामांचं.

त्या ग्रुपमध्ये नाव पडलं की लॉगिन बंद, अन् साऱ्या ऑफिसला आपोआप निरोपाचा मेल! ही हुशारीसुद्धा माझीच बरं का!

जेवून येतो तर काय? शोभाबाईंच्या टेबलाभोवती ही गर्दी! अकाउंटच्या ठवकरबाई डोळे पुसत होत्या. "काहून चालल्या जी बाई? आमाले सांगतलं बी नाही!" शिपाई गोपाळभाऊ तर हार घेऊन हजर!

मधोमध शोभाबाई. चेहरा पार उतरलेला.

"काय होऊन राहिलं जी हे? माह्ये तं बहुत साल बाकी हायेत. पोरगी नर्सिंगले हाये अजून. काय चुकलं जी माह्यं?"

मी गर्दीतून पुढे झालो. हात जोडले. "बाई, तुमचं काही नाही चुकलं. गाढव मी आहे."

मग बाई हसल्या, अन् हसता हसताच रडल्या. गोपाळभाऊ हळूच हार मागे लपवत होता.

"वापस कायले नेता? घाला न! खरी रिटायर होईन तवा तुमी सारे असान का नसान!"

घातला हार! टाळ्या काय, फोटो काय!

मी पळालो निस्तरायला. म्हटलं, आधी शंकररावांना ग्रुपमध्ये टाकू, मग बाईंचं बघू. घाईत क्लिक झालं खालच्या ओळीवर. तिथं कोण होतं? मीच! माझं लॉगिन बंद, मेल रवाना!

म्हटलं, आता येतील सारे रडत. बसलो वाट पाहत. एक माणूस फिरकेल तर शपथ!

शेवटी शोभाबाई तेवढ्या धावत आल्या. "जाऊ नका जी भाऊ!"

अहो, डोळेच भरून आले माझे! म्हटलं, कोणीतरी आहे आपलं. "नाही जात, बाई."

"हां, आधी माह्यं लॉगिन चालू करून द्या, मंग जा!"