बेठेकर मॅडमचा डोंगरावरचा दवाखाना

सरकारी दवाखान्यात वीस वर्षं काढली, की माणसाकडं किस्से आपोआप साठतात. ते कुठल्या रजिस्टरला चढवायचे नसतात, म्हणून डोक्यातच राहतात. चार मित्र बसले की एक निघतो, त्याच्या शेपटीला धरून दुसरा.

मी गवई, फार्मासिस्ट. गाव नांदगाव खंडेश्वर, नोकरी मेळघाटात. दवाखान्यात कायमची माणसं तीन: मी, बाळापूरच्या वानखडे सिस्टर आणि गाडीवाला सलीम. डॉक्टर यायचे आणि बदली करून घेऊन जायचे. आजूबाजूला सगळी कोरकूंची वस्ती. मग बेठेकर मॅडम आल्या. त्या स्वतः कोरकू, आश्रमशाळेतून शिकून अकोल्याला डॉक्टर झालेल्या. आमच्या दवाखान्यात असं आधी कधी झालं नव्हतं.

* * *

त्यांचा पहिलाच दिवस. बाजार होता, गर्दी होती. बसमधून उतरलेल्या बायकांबरोबर एक सावळी, ठेंगणी बाई माझ्या खिडकीशी आली. खांद्याला पिशवी, शेजारणीशी कोरकूत बोलणं चाललेलं. मी वर न बघता म्हणालो, "ए बाई, लायनीत बस."

ती गेली आणि बसली. चांगली तासभर बसली. नंबर आला तेव्हा तिनं खिडकीतून एक कागद आत सरकवला. तो तिच्या नेमणुकीचा आदेश होता.

मी उठून उभा राहिलो. आता मेमो मिळणार असं वाटलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "गेल्या तासाभरात तुमी अकरा जणींले 'ए' म्हणाले. मी मोजून राहिली होती."

माझ्या आजोबांना गावचा वैद्य औषधाच्या पुड्या वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. ही गोष्ट मी माझ्या पोरांना कितीतरी वेळा सांगितली आहे. त्या दिवशी मला डबा खाववला नाही.

* * *

लसीकरणाला आम्ही एका ढाण्यावर गेलो होतो. ढाणा म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती. एका घरातून धूर येत होता आणि दारात माणसं उभी होती. आत चूल पेटलेली, चुलीत विळा लाल होत होता. आठ महिन्यांचं पोर आईच्या मांडीवर धापा टाकत होतं. समोर शालिकराम भुमका बसलेला. भुमका म्हणजे तिकडचा पुजारी आणि वैद्य, दोन्ही. पोटावर गरम विळ्याचे चटके दिले की आजार पळतो, अशी समजूत. त्याला डंबा म्हणतात.

आधीच्या एका डॉक्टरांनी अशा वेळी पोलिसांना बोलावलं होतं. त्यानंतर त्या गावानं दोन वर्षं आमची गाडी थांबू दिली नव्हती. सलीमनं गाडी चालूच ठेवली होती. मॅडम आत जाऊन भुमकाशेजारी जमिनीवर बसल्या. इतक्या वर्षांत कोरकू माझ्या कानाला समजते, जिभेला येत नाही. त्या म्हणाल्या, "बाबा, माझ्या पोटावर सात डाग आहेत. माझ्या भावाच्या पोटावर नऊ होते. तो राहिला नाही."

म्हातारा विळ्याकडं बघत राहिला. मॅडमनी आपला स्टेथोस्कोप त्याच्या कानाला लावला आणि दुसरं टोक पोराच्या छातीवर ठेवलं. त्यानं बराच वेळ ऐकलं. मग विळा चुलीतून काढून पाण्याच्या घागरीत बुडवला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "पण मीही येतो."

मोठ्या दवाखान्यात पोर आठ दिवस होतं. न्यूमोनिया निघाला. आठही दिवस म्हातारा वॉर्डाच्या पायरीवर बसून होता. परतताना पोर त्याच्याच मांडीवर होतं.

* * *

यानंतर काही दिवसांनी पेशंटच्या मनगटावर काळे दोरे दिसू लागले. दोऱ्याला गाठी, कुणाच्या तीन, कुणाच्या पाच. एका तापलेल्या पोरीला सलाईन लावायचं होतं, म्हणून वानखडे सिस्टरनी तिचा दोरा कात्रीनं कापला आणि कचऱ्यात टाकला. पोरीची आई रडायला लागली.

मॅडम आल्या, त्यांनी रिकामं मनगट पाहिलं आणि विचारलं, "गाठी किती होत्या?" सिस्टरना आठवेना. त्या दिवशी मी पहिल्यांदा मॅडमचा आवाज चढलेला ऐकला. शालिकराम भुमकाला लिहिता येत नव्हतं. जितके दिवस ताप तितक्या गाठी बांधून तो पेशंट आमच्याकडं पाठवत होता. सिस्टरनी कापली होती ती त्याची चिठ्ठी होती.

वानखडे सिस्टर बोलायला फटकळ, पण मनाच्या सरळ. त्यांनी हातमोजे घातले, कचऱ्याचा डबा उलटा केला आणि दोरा शोधून काढला. सहा गाठी होत्या. मॅडमनी लगेच रक्त तपासायला घेतलं. मलेरिया निघाला, आणि तोही वाईट जातीचा.

* * *

मग महिन्याच्या बैठकीला मॅडम भुमकाला बोलवायला लागल्या. त्याला आमच्यासारखीच खुर्ची. एकदा अमरावतीहून मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनी म्हाताऱ्याकडं बोट दाखवून विचारलं, "हे इथे कशासाठी?"

म्हातारा उठायला लागला. मॅडमनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"साहेब, लोक आधी यांच्याकडं जातात, मग आपल्याकडं येतात. आपण मागून आलो. मागून येणाऱ्यानं आधीच्याले उठवू नये."

साहेबांनी मेमो दिला. मॅडमनी तो फाइलीला लावला. पुढच्या बैठकीत खुर्ची तिथंच होती.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

डोंगरावरच्या एका ढाण्यातून आमच्याकडं कुणीच येत नव्हतं. मॅडमनी कारण विचारलं. सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. मग मलाच सांगावं लागलं.

नऊ वर्षांपूर्वी तिथल्या रामकली नावाच्या बाईचं चौथं बाळंतपण आमच्याकडं झालं. मूल मेलेलं जन्मलं. ती बेशुद्ध होती. गाडी बंद पडलेली, डॉक्टर रजेवर. मी मूल सलाईनच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं, वरून चिकटपट्टी लावली आणि खोकं तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. एक शब्द बोललो नाही. तो खोकं घेऊन पायी निघून गेला.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्या जाऊ. मी दवाखान्याच्या वतीनं बोलते. पण तुमचं तुमालेच बोलावं लागन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. रामकली अंगणात बसली होती. माणसं जमली, पण कुणी बसा म्हटलं नाही. तिचा नवरा कुंपणाशी पाठ करून उभा होता. मॅडम कोरकूत बोलल्या, सगळ्या दवाखान्याच्या वतीनं माफी मागितली. मग माझी पाळी आली. मी एवढंच म्हणालो, "ते खोकं मी दिलं होतं. चुकलो मी."

रामकलीनं मान वर केली. मग तिनं मला माझ्या भाषेत विचारलं, "पोरगा होता का पोरगी?"

नवऱ्यानं खोकं उघडलं नव्हतं. वाटेतच पुरलं होतं. नऊ वर्षं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"पोरगी," मी म्हणालो.

"केस होते?"

"होते. भरपूर होते."

ती उठली आणि घरात गेली. आम्ही उन्हात उभे. सलीम हळूच म्हणाला की निघू या. मॅडमनी मान हलवून नाही म्हटलं.

रामकली बाहेर आली, ती सुनेचा हात धरून. सुनेचे दिवस भरत आले होते. रामकलीनं तिला गाडीत बसवलं, पदर नीट केला आणि माझ्याकडं वळली.

"कळा सुरू झाल्या की तू दाराशी उभा राहजो," ती म्हणाली. "हलू नको."