बहिणीच्या घराची उरलेली वर्षं

बहिणीने इंग्लंडमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा हिंगोलीत पेढे वाटले गेले. त्या घराला मुदत आहे, हे घरच्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं.

तिकडे फ्लॅट बहुतेक वेळा लीजवर विकला जातो. घेणारा पूर्ण किंमत मोजतो, पण जमीन आणि इमारत मूळ मालकाचीच राहते. लीजची वर्षं संपली की घर त्याच्याकडे परत जातं. बहिणीच्या लीजची ऐंशी वर्षं आणि वर काही महिने उरले होते.

हा ऐंशीचा आकडा महत्त्वाचा होता. ऐंशीच्या वर असताना मालकाला कायद्याने नोटीस दिली तर आणखी नव्वद वर्षं तुलनेने कमी पैशांत मिळतात. ऐंशीच्या खाली गेल्यावर हिशोब बदलतो. मुदत वाढल्याने घराचं जे मोल वाढतं, त्यातला अर्धा वाटाही मालकाला द्यावा लागतो. हा नियम काढून टाकणारा कायदा तिथे मंजूर झाला होता. ते कलम लागू झालं नव्हतं. बहीण रुग्णालयात नर्स आहे, एकटी राहते. तिची बचत ऐंशीच्या रेषेच्या अलीकडे पुरत होती, पलीकडे पुरत नव्हती. मुदत आखूड झालेलं घर विकणंही अवघड, कारण बँका त्यावर कर्ज द्यायला कचरतात. तिच्या नावावर दुसरी कोणतीही मालमत्ता नाही.

थोरले भाऊ हिंगोलीच्या बाजारात हळदीचे खरेदीदार आहेत. बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशापासून पहिल्या विमान तिकिटापर्यंतचा प्रत्येक व्यवहार त्यांनी ठरवला होता. मी वर्तमानपत्रात काम करतो. या प्रकरणात माझं काम इंग्रजी कागद वाचून मराठीत सांगण्याचं होतं.

बहिणीचा फोन रात्रपाळी संपवून घरी जाताना येई. तिची सकाळ म्हणजे इथली दुपार. बाजारात लिलाव चालू असायचा आणि भाऊ पोत्यांच्या आडोशाला जाऊन, एका कानात बोट घालून बोलायचे.

"घर इकत घेतलं अन् वर्षं सरून राहिले? मंग भाड्यानं राहिली असती तं काय वाईट होतं?"

"भाऊ, इकडं सगळे असेच राहतात."

"सगळे येडे हायेत म्हणून तू बी?"

नोटिशीत रक्कम लिहावी लागते. मुदतवाढीसाठी फ्लॅट घेणारा मूळ मालकाला किती द्यायला तयार आहे, तो आकडा. बहिणीने मूल्यांकन करून घेतलं होतं आणि तिच्या वकिलाने त्याच्या जवळपासचा आकडा सुचवला होता. भाऊंनी तो ऐकला आणि त्याचा तिसरा हिस्सा सांगितला.

"पहिला भाव असा टाकायचा का समोरच्याला राग आला पाहिजे. मंग त्याच्याकडं बघायचंच न्हाई. दुसऱ्या ढिगाकडं जायचं. तो आपोआप मागं येतो."

त्यांची खरेदी याच पद्धतीने चालते. हळदीच्या ढिगातली कांडी उचलायची, मोडायची, तोंड वाकडं करायचं, भाव बोलायचा आणि गप्प बसायचं. त्या गप्प बसण्यात शेतकरी किंवा अडत्या काहीतरी बोलतो आणि बोलला की भाव हलतो. बाजारात भाऊंचं हे कसब सगळ्यांना माहीत आहे.

वकिलाचं उत्तर आलं ते मी भाऊंच्या दुकानात बसून वाचून दाखवलं. रक्कम वास्तवाला धरून नसेल तर नोटीसच अवैध ठरू शकते, असं त्यात स्पष्ट होतं. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

"वकील हाय तो," भाऊ म्हणाले. "त्याला घासाघीस करायचा कंटाळा, म्हणून कायदा सांगून राहिला."

बहिणीने भाऊंचाच आकडा टाकायला सांगितलं.

उत्तर देण्यासाठी मालकाला दोन महिने असतात. त्यातला बहुतेक काळ त्याच्याकडून काही आलं नाही. बहिणीचे फोन वाढले. ती कामाचं काही विचारत नसे. पाऊस झाला का, वहिनीचा गुडघा कसा आहे, असं विचारून ठेवून द्यायची. भाऊ मात्र आठवड्यागणिक खूश होत गेले.

"गप हाय ना अजून? मंग ढिला पडला म्हणून समज."

दोन महिन्यांची मुदत संपत आली त्या दिवशी आम्ही कनेरगाव नाक्याला होतो. जवळच्या गावात माल बघून परत येताना भाऊंनी ढाब्यावर गाडी थांबवली. वाशीमकडे जाणारे ट्रक एकामागून एक जात होते. भाऊ आधी पंख्याखाली बसले, मग बाहेरच्या खाटेवर, मग उठून पानटपरीपर्यंत जाऊन आले. ढाबेवाल्याने विचारलं, "मालक, बसता का निघता?" भाऊ म्हणाले, "बसून राहिलो ना, बाबा."

फोन तिथेच आला. मी स्पीकर लावला.

मालकाच्या वकिलाचं पत्र पोचलं होतं. त्यात घासाघीस नव्हती. देऊ केलेली रक्कम प्रामाणिक प्रस्ताव म्हणण्यासारखी नाही, म्हणून ही नोटीस वैध मानत नाही, एवढंच म्हटलं होतं. रेषेला आता काही आठवडे उरले होते.

"म्हणजे राग आला त्याला," भाऊ म्हणाले.

"राग न्हाई आला, भाऊ. तो वाट बघून राहिला होता. मी ऐंशीच्या खाली गेले की त्याला जास्त मिळतात. त्याला बोलायची गरजच काय?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. बाजारात शेतकऱ्याला संध्याकाळच्या आत माल विकून गाडीभाडं द्यायचं असतं. गप्प बसण्याचा फायदा खरेदीदाराला मिळतो. इथे घाई बहिणीला होती.

"मंग कोर्टात जा," भाऊ म्हणाले.

"कोर्टात हरले तं रेषा गेलेली राहील. वकील म्हणतो, नवी नोटीस टाका."

"टाक मंग. निम्म्यावर ये. तिसऱ्यावरून निम्म्यावर आलं का त्यालाबी..."

"भाऊ, ठेवते. बस आली."

त्यानंतर तिचा फोन आला नाही. भाऊ रोज मला विचारत. लिलावात उभे असताना विचारत, जेवताना विचारत. एकदा अर्ध्या बोलीवरून बाजूला येऊन म्हणाले, "तुझ्याकडं तरी आलता का?" मागे अडत्या हाका मारत होता. तो ढीग दुसऱ्याने घेतला.

पुढच्या आठवड्यात ती बोलली. नवी नोटीस रेषेच्या आत मालकाला मिळाली होती, पोच आली होती. किंमत आता नोटिशीच्या तारखेवरून ठरणार होती. नंतर रेषा ओलांडली गेली तरी फरक पडत नव्हता.

"आकडा किती टाकला?"

"टाकला."

"किती, ते इचारून राहिलो."

"वकिलानं सांगितला तोच."

"तोच? म्हणजे पहिल्याच बोलीत..."

"व्हय. पहिल्याच."

भाऊंनी फोन माझ्या हातात दिला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. थोड्या वेळाने परत येऊन हात पुढे केला. मी फोन दिला.

"तकलीफ तं न्हाई ना काही?"

"न्हाई, भाऊ."

दोन्हीकडच्या मूल्यांकन करणाऱ्यांत पुढे महिनोन् महिने पत्रव्यवहार चालला. भाऊ माझ्यामार्फत सल्ले पाठवत राहिले. मी ते शब्दशः पाठवले. तिच्याकडून प्रत्येक वेळी एक अंगठा येई. शेवटी सौदा ठरला, पैसे गेले, लीज नव्याने नोंदलं गेलं. कितीला ठरला, ते तिने आम्हा दोघांनाही सांगितलं नाही.

"जास्तच दिले असतील," भाऊ म्हणाले. मग फोनकडे वाकून विचारलं, "आता किती वर्षं झाली एकूण?"

"एकशे सत्तरला थोडे कमी."

"तितके दिवस ते घर उभं राहील का, ते तरी इचारलं का कोणी?"

बहीण हसली. "ते न्हाई विचारलं."

"इचार मंग," भाऊ म्हणाले. "उद्याच इचार."