खोकली का गप झाली?

बिघडलेल्या यंत्राची अदब राखणारा आणि त्या यंत्राजवळच्या माणसाला मात्र सळो की पळो करून सोडणारा माझ्या सासऱ्यांसारखा गृहस्थ अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. सगळी नोकरी त्यांनी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून काढली. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले तेव्हा एक ट्रंक, दोन पाने आणि एक तत्त्व एवढंच सामान होतं. तत्त्व असं की, यंत्र बंद पडलं तर पाना नंतर उचलायचा, आधी ते चालवणाऱ्याची साक्ष घ्यायची. ड्रायव्हरनं वहीत काय तक्रार लिहिली आहे ते वाचल्याशिवाय फिटरनं इंजिनाला हात लावायचा नाही, असा तिथं म्हणे दंडकच होता. हा दंडक त्यांनी स्वतःच घातला असावा अशी मला शंका आहे. एकदा शेंगाची चटणी करताना मिक्सर बंद पडला. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सासूबाईंना समोर पाटावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. लसूण आधी घातला की नंतर, भांडं किती भरलं होतं, बंद पडायच्या आधी वास आला का, आला असेल तर कसला. सासूबाईंनी पाचसहा प्रश्नांची उत्तरं दिली, मग पदर खोचून उठल्या. "मिक्सर बिघडलाय. मी न्हाय," म्हणाल्या आणि चटणी खलबत्त्यात कुटायला घेतली. मिक्सर मात्र त्या संध्याकाळी सुरू झाला, आणि दोष शेवटी जास्त भरलेल्या भांड्याचाच निघाला.

यंत्र बंद पडल्याचा सुगावा लागला की त्यांना कशाचं भान उरत नाही. पुतण्याच्या लग्नात भंतेजींचं त्रिशरण-पंचशील झालं, आशीर्वादाची फुलं सगळ्यांना वाटून झाली आणि नेमका जनरेटर बंद पडला. माइक गेला, पंखे गेले आणि मामाही गेले. मंडपामागे त्या जनरेटरवाल्याला त्यांनी असं काही उलटसुलट विचारलं, की त्या बिचाऱ्याला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटायला लागलं. जनरेटर सुरू करून मामा परत आले तेव्हा जेवणं चालू होती आणि फुलं त्यांच्या खिशात तशीच होती. आठवड्यानं त्यांनी नवरा-नवरीला मुद्दाम घरी बोलावलं, जेवायला घातलं, दोघांना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं आणि राहिलेली फुलं त्यांच्यावर टाकली. फुलं वाळून गेली होती, पण काम अर्धवट ठेवणं त्यांच्या रक्तात नाही.

एवढं इंजिनाचं वेड, पण मामांना गाडी चालवता येत नाही. येत नाही म्हणजे कधी शिकलेच नाहीत. चालवणारा वेगळा आणि दुरुस्त करणारा वेगळा, दोन्ही एकानंच केलं तर साक्ष कुणाची घ्यायची, हे त्यांचं त्यावरचं उत्तर. त्यामुळे मी चाळिशीत गाडी शिकले तेव्हा नात्यागोत्यातल्या सगळ्यांनी नाकं मुरडली आणि एकट्या मामांनी पेढे आणले.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. मंद्रूपच्या आसपासची नऊ गावं माझ्याकडे आहेत. त्यातल्या तीन गावांना एसटी दिवसातून दोनदा जाते, तीही तिच्या मर्जीनं. जुनी का होईना, पण स्वतःची छोटी गाडी घेतली आणि पहिल्यांदा मला त्या तीन गावांतली पोरं नावानिशी ओळखता यायला लागली. कुणाचं वजन वाढलं, कुणाचं वाढत नाही, हे कागदावर नाही, डोळ्यांनी दिसायला लागलं. मी फार सुखात होते.

आणि गेल्या एप्रिलमध्ये ती गाडी चालता चालता बंद पडायला लागली. कसलीही पूर्वसूचना नाही. विजापूर रोडवर मागून उसाची ट्रॉली येत असताना इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि गाडी मी कशीबशी कडेला घ्यायचे. अर्धा तास थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी सुरू व्हायची. गॅरेजमध्ये दोनदा नेली. तिथला मेकॅनिक सगळे प्रश्न माझ्या नवऱ्याला विचारायचा, आणि जो माणूस ती गाडी कधी चालवत नाही तो मन लावून उत्तरं द्यायचा. एकदा फिल्टर बदलला, एकदा पेट्रोलचा पंप बदलला, गाडी बंद पडतच राहिली. शेवटी मेकॅनिकनं माझ्याकडे न बघताच सांगितलं की मॅडमचा पाय क्लचवर नीट बसत नसेल. नवऱ्याचा त्यावर विश्वास बसला की नाही कोण जाणे, पण तो घाबरला होता हे खरं. गाडी विकायची असं त्यानं ठरवलं. बार्शीचे एक ओळखीचे गृहस्थ रविवारी बघायला येणार होते. ऑफिसातूनही सुचवण्यात आलं की टेबलावरचं काम घ्या, फिरतीचं दुसऱ्या कुणाला देऊ. मी हो म्हटलं नव्हतं, पण नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलंही नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी ओट्याशी उभी राहून रडत होते. मामा आत आले. मी का रडते हे त्यांनी विचारलं नाही. मला पाटावर बसवलं.

"गाडी तू चालवत हुतीस न्हवं? मग तू सांग की."

ज्या चौकशीला आम्ही वर्षानुवर्षं हसलो ती त्या दिवशी माझ्या वाट्याला आली, आणि काय सांगू, मला इतकं बरं वाटलं. किती वेळ चालल्यावर बंद पडते, ऊन किती होतं, चढ होता का, सकाळच्या गार वेळी कधी पडली का. सकाळी कधीच पडली नव्हती, हे ते विचारेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा त्या क्षणी कुठं असतो हे मात्र मला सांगता येईना. मग उद्या मी बरोबर येतो म्हणाले.

शुक्रवारी दुपारी बाराच्या उन्हात ते पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जुना टॉवेल घेऊन शेजारी बसले. आम्ही विजापूर रोडवरच्या तेरा मैल नावाच्या फाट्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. गाडी शहाण्यासारखी पळत होती. यंत्रं बंद पडू नयेत म्हणून जन्मभर राबलेला माणूस हात डॅशबोर्डवर सपाट ठेवून हे एक यंत्र बंद पडावं म्हणून वाट बघत होता. मी म्हटलं, मामा, घरी जाऊ या, तुम्हाला ऊन लागेल. ते डॅशबोर्डवरच्या हातांकडे बघत होते. तिसऱ्या फेरीत, तेरा मैलाच्या अलीकडे, इंजिन गेलं. या वेळी मी काट्याकडे बघितलं, गाडी कडेला घेतली आणि हुश्श केलं.

"खोकली का गप झाली?" मामांनी विचारलं.

मला हसू आलं. "मामा, तुम्ही शेजारीच होता की."

त्यांनी माझ्या तोंडावरची नजर काढून समोरच्या रस्त्याकडे वळवली. "मला ऐकू येत न्हाय, पोरी. दोन वरसं झाली. समोरनं बोललं की कळतं, ओठावरनं. इंजिनाचं हाताला लागतंय तेवढंच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात बोलू नको. बहिऱ्या फिटरला कोण इच्यारतंय?"

मागून हाक मारली की ते ओ द्यायचे नाहीत. तंद्री लागली असेल म्हणून आम्ही आपसांत हसायचो. मला एकदम भरून आलं, पण मामांना त्यात रस नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघत साक्षीची वाट पाहत होते.

"गप झाली," मी सांगितलं. "अजिबात खोकली नाही. आणि गाडी पळत होती, तरी काटा झटक्यात शून्यावर आला."

मामांचा चेहरा उजळला. पेट्रोल कमी पडलं असतं तर ती खोकत, आचके देत मेली असती, ते म्हणाले. ही गप झाली, म्हणजे कुणीतरी बोलायचं थांबलंय. बॉनेट उघडून त्यांनी मला खाली इंजिनाच्या कडेला बसवलेला बोटाएवढा एक सेन्सर दाखवला. इंजिन फिरतंय ही बातमी आतल्या कॉम्प्युटरला आणि त्या काट्याला देणारा तो एकटा. तापला की मुका होतो, आणि बातमी आली नाही की कॉम्प्युटर ठिणगीही थांबवतो आणि पेट्रोलही. टॉवेल ओला करून त्यांनी तेवढ्या तुकड्यावर ठेवला. जी गाडी अर्धा तास हलायची नाही ती सात-आठ मिनिटांत सुरू झाली. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते, पण मामा म्हणाले की एकदा झालं तर योगायोग असतो. म्हणून त्या उन्हात आम्ही पुन्हा निघालो, मंद्रूपच्या पुढं ती पुन्हा बंद पाडली, पुन्हा तेवढाच तुकडा गार केला आणि पुन्हा सुरू केली. मग कुठं ते घरी यायला तयार झाले.

शनिवारी नवीन सेन्सर आणला. एका बोल्टचं काम, ते त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. रविवारी नवऱ्याला त्यांनी मागच्या सीटवर बसवलं, मला चालवायला सांगितलं आणि भर दुपारी मंद्रूपच्या तीन फेऱ्या करवल्या. तिसऱ्या फेरीत नवऱ्यानं खिडकीवरची घट्ट पकड सोडली. गाडी दारात लावली तेव्हा बार्शीचे गृहस्थ येऊन बसले होते. नवरा त्यांना म्हणाला, "गाडी द्यायची नाही. हिला लागते." मग आम्ही त्यांना जेवू घातलं आणि जाताना बरोबर शेंगाची चटणी दिली.

सोमवारी मी ऑफिसात सांगून टाकलं की माझी नऊ गावं माझ्याकडेच राहतील. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

बहिरेपणाचं मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, पण मामांच्या मागे लागले आहे. वर्कशॉपातल्या घणांनी आणि बॉयलरांनी त्यांचे कान नेले. ज्या आवाजांना या माणसानं जीव लावला त्यांनीच हे केलं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांना मात्र त्याचा जरासुद्धा राग नाही. कानात मशीन घालायचं म्हटलं की विचारतात, ते बंद पडलं तर साक्ष कुणाची घ्यायची? मी म्हटलं, माझी घ्या. येत्या मंगळवारी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेणार आहे, माझ्या गाडीतून, आणि त्यांनी हो म्हटलं आहे. तोवर मी रोज संध्याकाळी गावांहून आले की ते अंगणात खुर्ची माझ्याकडे वळवून बसतात आणि आज इंजिन कसं बोलत होतं ते विचारतात. मी त्यांच्याकडे तोंड करते आणि सावकाश, एकेक शब्द, सगळं सांगते.