पत्ता अपूर्ण असलेलं कार्ड

निपाणीच्या अब्दुलगनी मुल्लांनी बेंगळुरात एकोणचाळीस वर्षं टपालाचं वर्गीकरण केलं, आणि निवृत्त झाल्यावर कुराणाचं करायला घेतलं. खात्यानं मोडीत काढलेलं खणांचं लाकडी कपाट त्यांनी चामराजपेटेतल्या घरी आणलं होतं. एकेका आयतीचा अर्थ पोस्टकार्डावर उतरवायचा, बोलणं कुणाला उद्देशून आहे ते ठरवायचं आणि कार्ड त्या खणात टाकायचं : 'लोकहो', 'श्रद्धावंतहो', 'ग्रंथधारकहो'.

"पहिलाच अध्याय घ्या," ते शेजारच्या अंबूबाईंना सांगत. "आधी देवाविषयी बोलणं चाललंय, तो असा, तो तसा. आणि मध्येच वळून एकदम 'तू'! जणू ज्याच्याविषयी बोलत होतो तो दारातच उभा. कुठे हाक पैगंबरांना, हुकूम मात्र सगळ्यांना."

"म्हणजे मार्फत," पोस्टमन नागराज म्हणाला.

"आणि मुल्लाण्णा, तुमचा खण कुठला हो?" अंबूबाईंनी विचारलं.

"वर्गीकरण करणाऱ्याला टपाल येत नसतं."

हे काही खरं नव्हतं. निपाणीहून बहीण रुकय्याचं कार्ड दर दोन महिन्यांनी येई. बारा वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा मुल्लांची बस हुबळीला बंद पडली, आणि रुकय्यानं वाट न पाहता दफन उरकू दिलं. तेव्हापासून मुल्ला तिचं प्रत्येक कार्ड 'घेण्यास नकार' लिहून परत पाठवत. मागे काय लिहिलंय ते वाचत नसत. पण पत्त्यातलं अक्षर दरवेळी मोठं होत चाललं होतं. तिची नजर जात होती, एवढं न वाचताही कळे.

मग ती आयत आली. तिच्यात माणसाला एकवचनी हाक मारून विचारलं होतं की, एवढ्या उदार पालनकर्त्याविषयी तुला भूल पडली तरी कशानं? कुठला माणूस, ते ठरेना. मुल्लांनी कार्ड 'पत्ता अपूर्ण'च्या खणात ठेवलं.

सोमवारी दुपारी नमाज आटोपून पाहतात तर कार्डाच्या कोऱ्या बाजूवर त्यांचंच नाव, त्यांच्याच अक्षरात. हाताची जुनी सवय, असं म्हणून त्यांनी कार्ड परत ठेवलं. मंगळवारी खाली रस्ता आला. बुधवारी त्यांनी कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली. गुरुवारी पिनकोड आला. सहाही आकडे बरोबर होते, आणि मुल्लांना खरी भीती तेव्हा वाटली. पूर्ण पत्त्याचं टपाल अडवणं हा गुन्हा होता.

शुक्रवारी नागराजनं निपाणीचं कार्ड काढलं, नेहमीप्रमाणे पेनही पुढे केलं. "नकारच ना, अण्णा?"

मुल्लांनी पेन त्याच्या खिशात परत खोचलं. "दे इकडे."

अक्षर एवढं मोठं होतं की अख्ख्या कार्डावर दोनच शब्द मावले होते : 'भाई, ऐकतोस?'

"निपाणीची बस किती वाजता आहे?"

"दहाला. पण हुबळीला थांबते हं, स्वल्प जास्तच."

"थांबू दे."

निघण्याआधी त्यांनी कुलूप काढून पाहिलं. 'पत्ता अपूर्ण'चा खण रिकामा होता. कार्ड पोचलं, असं त्यांनी धरलं. खात्यात याहून जास्त चौकशी करत नाहीत.