दीड वाजताची चावी

मेघालीला संशय यायला फार काही लागत नसे. तिचं पोटच त्यावर होतं. ठाण्यातल्या एका एजन्सीत ती व्हेरिफिकेशनचं काम करायची. कुणी कर्जासाठी अर्ज केला की त्यात लिहिलेल्या पत्त्यावर तो माणूस खरंच राहतो का, हे जाऊन बघायचं. दारावरची पाटी जुनी आणि खिळे चकचकीत, म्हणजे पाटी कुठून तरी आणून आज ठोकलीय. अर्जात माणसं सहा आणि मोरीत दात घासायचे ब्रश दोन, म्हणजे चौघं कागदावरची. घर बंद असलं तर दाराच्या फटीत कागदाचा बारीक कपटा खोचून ती निघून जायची आणि दोन दिवसांनी परत यायची. कपटा जागच्या जागी असला की शेरा ठरलेला: येथे कोणी राहत नाही.

बोलणं मात्र गोड. प्रश्न विचारताना मान किंचित कलती करायची आणि उत्तर मिळालं की तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारायचा, ही तिची पद्धत. यज्ञेश, तिचा नवरा, ठाण्यातच चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. तो म्हणायचा, “मी दिवसभर लोकांना दिसावं म्हणून खपतो, आणि घरी हिला नसलेलंही दिसतं.”

ठाण्यातच, उथळसरच्या भाड्याच्या खोलीत त्यांची चार वर्षं बरी गेली. मग मालकाने भाडं असं वाढवलं की यज्ञेशने तो आकडा दोनदा विचारून घेतला. मुलगी प्राप्ती चार वर्षांची झाली होती, जूनपासून तिची शाळा. एकदा शाळा सुरू झाली की वर्षाच्या मध्ये घर बदलता येणार नाही. तेव्हा जिथे जायचं तिथे मे महिन्यातच जायचं, आणि मग हलायचं नाही, असं दोघांनी ठरवलं.

डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर जागा मिळाली. खोली, स्वयंपाकघर, स्वतंत्र मोरी, खिडकीतून खाडीकडचा वारा. भाडं ठाण्याच्या अर्ध्याहून कमी. यज्ञेश खूश झाला. मेघालीच्या कपाळावर तिथेच आठी पडली.

“इतकं कमी का?” तिने मालकाला, कमलेशला, विचारलं.

“इथे हेच चालतं, मॅडम.”

“म्हणजे आधीच्या भाडेकरूंनाही हेच होतं?”

“हेच.”

“मग ते गेले का?”

“अकरा महिने झाले, गेले.” कमलेशने घड्याळाकडे पाहिलं. त्याला दुकान उघडायचं होतं. “काही लागलं तर खाली रखमाबाई असतात. त्यांना सांगायचं. त्या सगळं बघतात.”

टेम्पो परत पाठवून यज्ञेश वर आला, तेव्हा मेघाली दाराची बिजागरी तपासत होती. तो म्हणाला, “अगं, आपण राहायला आलोय. धाड घालायला नाही.”

पहिल्याच आठवड्यात तिने इमारतीत चौकशी केली. चौकशी म्हणजे तिच्या पद्धतीची. समोरच्या दारात रतन राहायचा, रिक्षावाला, पस्तिशीचा. मान कलती करून तिने विचारलं, “तुम्ही इथे किती वर्षं आहात? आणि घरात कोण कोण असतं?”

रतन दारातच आखडला. “असतात ना घरचे. का?”

“नाही, सहज. आमच्या आधी इथे कोण राहायचं?”

“माहीत नाय आपल्याला. मी बाहेरच असतो.” आणि दार लागलं.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर दार अर्धंच उघडलं आणि ‘गॅसवर दूध आहे’ म्हणून मिटून घेतलं. दुधाचा वास काही येत नव्हता. उलट हिलाच सगळे एक प्रश्न विचारत. जिन्यात, वाण्याकडे, पाळणाघराच्या वाटेवर. “दुपारी घरी कोण नसतं ना तुमच्या?” रखमाबाईंनीसुद्धा पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं. त्या तळमजल्यावर दारातल्या पाटावर बसलेल्या असत. कोळीण, सत्तरीला टेकलेली, गुडघे फुगलेले, पायांची बोटं फाकलेली. पूर्वी मासळीची पाटी घेऊन घरोघर जायच्या, आता बसूनच सुकट निवडायच्या. “दुपारची नसंस ना गो तू?” असं म्हणून त्यांनी मान हलवली, जणू काही एक काम ठरलं.

“दुपारी घर रिकामं असतं का, हे सगळ्यांना का हवंय?” मेघालीने यज्ञेशला विचारलं.

“आपुलकीने विचारत असतील.”

“तू चष्मा लाव एखादा.”

दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी तिने स्वतःच्याच दाराच्या फटीत कपटा खोचला. असं आयुष्यात पहिल्यांदा करत होती. संध्याकाळी पाळणाघरातून प्राप्तीला घेऊन वर आली, तर कपटा जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडलेला.

आत सगळं जागच्या जागी. डब्यातले दागिने होते तसे. कपाटाची चावी उशीखालीच. पण स्वयंपाकघरात सुक्या बोंबलाचा अगदी पुसट वास होता, आणि मोरीच्या तोंडाशी फरशीवर अनवाणी पायाचा ओला ठसा, वाळत आलेला. प्राप्ती म्हणाली, “आई, कुणाचा पाय आहे तो?” मेघालीने फडकं घेऊन तो पुसून टाकला आणि मग वाटलं, पुसायला नको होता.

मंगळवारी पुन्हा कपटा पडला. या वेळी मोरीच्या माळ्यावर काळ्या प्लास्टिकच्या टाकीचं झाकण तिने सकाळी ठेवलं होतं त्याहून वेगळ्या अंगाला फिरलेलं होतं. चोर काही नेत नाही, मग टाकी उघडून करतो काय? नेत नसेल तर घालत असेल.

त्याच संध्याकाळी तिने टाकीतलं सगळं पाणी सोडून दिलं. मोरीतून घळाघळा पाणी जात होतं आणि ती कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. यज्ञेश कामावरून आला तेव्हा स्टेशनजवळच्या दुकानातून माणूस आणून तिने दाराचं कुलूपही बदलून घेतलं होतं.

“आणि कमलेशला विचारलंस?” यज्ञेशने विचारलं.

“त्याच्याकडेच दुसरी चावी असणार. चोराला विचारू?”

यज्ञेशने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, “मेघा, शनिवारी शाळेत फॉर्म द्यायचाय. शेवटचा दिवस आहे. इथे राहायचंय की नाही, एवढं सांग.”

फॉर्म फ्रिजवर ठेवलेला होता. सगळा भरलेला, एक रकाना सोडून. पालक वेळेत पोचू शकले नाहीत तर मुलीला न्यायला येणाऱ्या, जवळ राहणाऱ्या व्यक्तीचं नाव. आठ दिवस तो रकाना कोरा होता. ज्या इमारतीत एकाही दारावर भरवसा नाही, तिथलं कुठलं नाव लिहायचं? आणि नावच लिहिता येत नसेल, तर मुलीला इथल्या शाळेत कशाला घालायचं? तिने आईला फोन करून विचारूनही ठेवलं होतं: काही दिवस आम्ही तिघं तुझ्याकडे राहिलो तर चालेल का. आईचं घर ठाण्यात, एका खोलीचं, तिथे भाऊ-वहिनी आधीच होते. आई म्हणाली होती, “ये की.” पण जरा थांबून म्हणाली होती.

बुधवारी सकाळी नळ सोडला, तर नुसती हवा आली.

टाकी रिकामी. उथळसरला टाकी आपोआप भरायची, इथेही दोन आठवडे भरतच होती. संध्याकाळी रिकामी केली तर सकाळी भरलेली असायला हवी होती. मेघालीने दोन आणि दोन चार केले. “बघितलंस? कुलूप बदललं, लगेच पाणी तोडलं.”

पाण्याची मोठी बाटली विकत आणून यज्ञेशने त्यात दाढी आटपली आणि तो कामावर गेला. मेघालीने प्राप्तीला पाळणाघरात सोडलं, ऑफिसला फोन करून बरं नाही म्हणून सांगितलं, आणि रोजच्यासारखी पर्स घेऊन, रखमाबाईंच्या दारासमोरून मुद्दाम चप्पल वाजवत बाहेर पडली. अर्ध्या तासाने, त्या आत वळल्याची खात्री करून, चप्पल हातात घेऊन परत वर आली. आतून कडी लावली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. मांडीवर लाटणं.

साडेअकरा झाले. बारा, एक. भूक लागली होती, पण भांड्याचा आवाज होईल म्हणून उठली नाही. दीड वाजायला आला तसा खालून पावलांचा आवाज यायला लागला. एक पायरी, मग थांबणं. पुन्हा एक पायरी. कुणीतरी कण्हत, कठडा धरत येत होतं. दारापाशी चाव्यांचा जुडगा वाजला. कुलपात चावी गेली. फिरेना. पुन्हा खडखड झाली.

“हेचं काय झायलं आता?” बाहेरून आवाज आला.

मेघालीने दार खाडकन उघडलं. समोर रखमाबाई, घामाने थबथबलेल्या, हातात सुतळीत ओवलेल्या दहा-बारा चाव्या, आणि प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी. लाटण्याकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

“घरानच हायेस? मंग मना वर कशाला चरवलीस?”

“तुम्ही माझ्या घरात कशाला येता?” मेघालीने विचारलं. मान आज कलती नव्हती.

“पानी भरायला. आनखी कशाला? बाजूला हो. चालीस मिन्टं असतंय पानी. भांडान मंग कर.”

आणि तिला हाताने बाजूला सारून त्या मोरीत गेल्या. माळ्याखालचा कॉक दोन्ही हातांनी फिरवला, स्टूल ओढून कशाबशा चढल्या, झाकण उचलून आत पाहिलं. टाकीत धो धो पाणी पडायला लागलं.

“कोरडी ठाक केलीस गो टाकी. दोन दिसांचं पानी व्हतं. केलंस काय त्याचा?”

“सोडून दिलं,” मेघाली म्हणाली.

इमारतीत पाणी दुपारी दीडलाच यायचं. गच्चीवर सामायिक टाकी नव्हती, पंप नव्हता. प्रत्येकाची टाकी प्रत्येकाच्या घरात. पहिल्या धारेला जोर असतो तेवढ्यात वरच्या मजल्याने भरून घ्यायचं, मग मधल्या, मग खालच्या. कॉक उघडा ठेवून गेलं तर टाकी वाहते आणि खालच्यांना थेंब मिळत नाही. म्हणून जे जे कामाला जात त्यांच्या चाव्या रखमाबाईंकडे असत, या दाराची तर आधीच्या भाडेकरूंपासूनच. वीस वर्षं हे असंच चाललं होतं, त्यामुळे नव्या माणसाला सांगावं लागतं हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. कमलेशने आपल्या परीने सांगितलंच होतं: त्या सगळं बघतात.

टाकी भरेपर्यंत रखमाबाई स्टुलावर बसल्या. हे सगळं त्यांनी तुटक तुटक सांगितलं, गुडघा चोळत.

“मग मला कुणी सांगितलं का नाही? मी सगळ्यांना विचारत होते.”

“विचारत व्हतीस, म्हनूनच.” रखमाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “तू लोनवाली ना? रतन बोलला. त्याचे रिक्शाचे लोनचे येलेला अशीच एक बाई आलती, मान वाकरी करून विचारनारी. घरान कोन असतं, किती वरसं ऱ्हाता. आख्खी बिल्डिंग बोलतंय, बँकेन बाई ऱ्हायला धारलीय.”

मेघाली हसली नाही. एखाद्या घरी आपण आत आल्यावर चहाचा कप हातात तसाच धरून बसणारी माणसं तिला आठवली. तिने ती नेहमी विचारणाऱ्याच्या बाजूने पाहिली होती.

“न आता कुलूप बी बदललंस,” रखमाबाई पुढे म्हणाल्या. “लोक बोलतील, हिच्या घरान कायतरी हाय. नायतर कोन बदलतंय कुलूप?”

“आधीचे भाडेकरू का गेले?”

“बदलापूरला सोताचा घर घेतला त्यांनी.”

“आणि भाडं इतकं कमी कसं?”

“कमी?” रखमाबाई उठता उठता थांबल्या. “आमाला त कमलेश लुटतंय असा वाटतं.”

कॉक बंद करून त्या दाराकडे निघाल्या. अजून सात घरं होती आणि पंचवीस मिनिटं. उंबरा ओलांडताना त्यांनी चौकट धरली आणि तोंड वाकडं केलं. मेघालीने लाटणं ओट्यावर ठेवलं, मागोमाग आली आणि जुडगा त्यांच्या हातातून घेतला.

“लाल चिंधी कुणाची?”

“रतनची. कॉक डावीकडं फिरव, त्याचा उलटा हाय. पोराच्या लिवायच्या पाटीला हात लावू नको, तो घरी आल्यावर वरडतो.”

त्या दुपारी मेघालीने सात घरं आतून पाहिली. कुणाच्या ओट्यावर अर्धी भाकरी झाकलेली, कुणाच्या देवासमोर काल लावलेली उदबत्ती तशीच राखेसकट उभी. सात वर्षांच्या सवयीने डोळे ब्रश मोजायला गेले. तिने मोजले नाहीत असं नाही, पण शेरा कुठे लिहायचा नव्हता. ‘गॅसवर दूध आहे’ म्हणालेल्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या घरी गॅसवर खरोखरच दुधाचं पातेलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती नव्या कुलपाची दुसरी चावी आणि शाळेचा फॉर्म घेऊन तळमजल्यावर गेली. रखमाबाईंनी चावी हातात घेतली, डबा उघडला आणि जाळं विणायच्या निळ्या दोऱ्याचा तुकडा तिला बांधला.

“मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?”

दोरा ओढणारा हात थांबला. “कशाला पायजे?”

“शाळेत लिहायचंय. मला यायला उशीर झाला तर प्राप्तीला आणायला कोण येईल, ते.”

“सही करायची हाय?”

“नाही.”

“पैशाचा नाय ना काय?”

“नाही हो.”

रखमाबाईंनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. वाचता येत नव्हतं, तरी मागची बाजूही पाहिली. मग म्हणाल्या, “आदी तुजा फोन नंबर दे. तुज्या आयशीचा बी. न नवरा कंच्या दुकानान कामाला हाय, त्या दुकानाचं नाव सांग.”

“ते कशाला?”

“पोर माज्या गल्यान टाकलीस न तू आलीसच नाय, त मी कुठं शोधू?” त्यांनी मान किंचित कलती केली. “किती वरसं करतो तिथं काम?”

मेघाली उंबऱ्यावर बसली आणि विचारलं ते सगळं नीट सांगायला लागली.